फडाचा निवाडा: सोलापूर परिसरातील तमाशा, बारी व लावणी यांच्या परीक्षणाची परंपरा

१

तमाशाच्या आजवरच्या अभ्यासात शाहिरांची चरित्रे, लावण्यांचे संग्रह आणि वगांची कथानके यांना मोठे स्थान मिळाले आहे. एका प्रश्नाचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला आहे. एकाच रात्री, एकाच ठिकाणी दोन किंवा अधिक फड उभे राहिले, तर त्यांत सरस कोण हे कोणी ठरवावयाचे आणि कशाच्या आधारे? हा प्रश्न वरवर गौण वाटतो. परंतु फडाची बिदागी, पुढील हंगामातील बोलावणे आणि कोणती गाणी गायिली जाणार व कोणती विस्मृतीत जाणार हे सर्व या निवाड्यावरच अवलंबून असे. निवाडा करणारा बदलला की कलेतील कोणत्या गुणाला किंमत यावयाची तेही बदलते. या दृष्टीने पाहिल्यास परीक्षणाचा इतिहास हा कलेच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो.

या विचारासाठी सोलापूर जिल्ह्याचा परिसर विशेष सोयीचा आहे. शाहीर रामजोशी सोलापूरचा. संगीत बारीचे एक प्रसिद्ध केंद्र असलेले मोडनिंब याच जिल्ह्यातील माढा तालुक्यात आहे. बैठकीच्या लावणीचे घर मानले गेलेले पंढरपूर याच जिल्ह्यात आहे, आणि १९९३ साली जेथे लावणीची राज्यस्तरीय स्पर्धा सुरू झाली ते अकलूजही याच जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात आहे. निवाड्याच्या निरनिराळ्या पद्धती एवढ्या थोड्या अंतरात पाहावयास मिळणे हा योग दुर्मिळच म्हटला पाहिजे.

२

पहिली पद्धत सवाल-जवाबाची. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष. शक्ती श्रेष्ठ असे कलगीवाल्यांचे म्हणणे, तर शिव श्रेष्ठ असे तुरेवाल्यांचे. दोन पक्षांचे फड समोरासमोर आले म्हणजे एकाने भेदिक लावणीतून कूट घालावे आणि दुसऱ्याने त्याचा उलगडा गाऊनच करावा, असा प्रघात होता. कूट पुराणातील एखाद्या आडवळणाच्या कथेचे असे, देहातील तत्त्वांच्या संख्येचे असे, किंवा केवळ शब्दांच्या कोड्याचे असे. जवाब देणाऱ्याला अर्थ माहीत असून भागत नसे. तो पद्यात बसवून, चालीवर धरून, डफ व तुणतुण्याच्या साथीत तिथल्या तिथे म्हणावा लागे. म्हणजे बहुश्रुतता, स्मरण, शीघ्र रचना आणि गळा या चारही गोष्टींची कसोटी एकाच वेळी लागे.

या पद्धतीत वेगळा परीक्षक नसे. प्रतिस्पर्धी शाहीर हाच खरा परीक्षक असे, आणि जमलेला समाज साक्षीदार असे. जवाब चुकला, तर चूक दाखविण्याची जबाबदारी सवाल घालणाऱ्यावर येई. त्याला स्वतःला उत्तर येत नसेल, तर त्याचेच हसे होई. जवाब आलाच नाही, तर निकाल वेगळा सांगावा लागत नसे. शांत झालेला डफ तो सांगत असे. निवाड्याचा अधिकार ज्ञानातून येतो, पदातून नव्हे, हे या पद्धतीचे मुख्य तत्त्व होय.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शिव थोर की शक्ती थोर हा वाद मुळातच निकालात निघणारा नाही. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही, हे दोन्ही पक्षांना पक्के ठाऊक असे. एका रात्रीचा सवाल सुटे, वाद मात्र शिल्लक राही. वाद न मिटणे हीच या स्पर्धेची सोय होती. हरलेला फड त्यामुळे नामशेष होत नसे; पुढच्या जत्रेत नवे कूट घेऊन तो परत उभा राही.

रामजोशीचे चरित्र या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातील विद्वान ब्राह्मण कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बंधू मुद्गल हे नावाजलेले पुराणिक होते. घरात शास्त्र-पुराणांचे वातावरण असताना रामजोशीला गावातील धोंडी शाहिराच्या तमाशाची गोडी लागली आणि त्यापायी घराला मुकावे लागले. पुढे पंढरपुरास जाऊन त्याने संस्कृताचे अध्ययन केले, कीर्तनकार म्हणून लौकिक मिळविला, मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकांपर्यंत पोचविल्या. तरी लावणी त्याने टाकली नाही. १८१२ च्या सुमारास त्याचा अंत झाला. पंडितांची सभा आणि शाहिरांचा फड ही दोन न्यायासने त्या काळी एकमेकांना मानीत नव्हती. रामजोशी मात्र दोन्हींपुढे उभा राहिला, आणि दोन्हींकडून त्याला मान्यता मिळाली.

त्याच्या रचनेत संस्कृतप्रचुर मराठी आढळते, तशी एकाहून अधिक भाषांची गुंफण केलेली लावणीही आढळते. ही केवळ विद्वत्तेची हौस नसावी. सोलापूर हे मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्यांचे गाव. असा श्रोतृवर्ग ज्या शाहिरासमोर बसतो, त्याला एका भाषेतील चातुर्य पुरत नाही. अनेक भाषांची लावणी ही अशा श्रोत्यांना दिलेली दाद, आणि एकभाषी प्रतिस्पर्ध्याला घातलेला पेच, अशी दुहेरी गोष्ट होती, असे अनुमान करण्यास जागा आहे.

१९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट आला. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका यांमुळे तो गाजला, आणि फडावर कधीही न गेलेल्या पांढरपेशा वर्गाला सवाल-जवाबाची ओळख झाली. पुढे १९६४ मध्ये अनंत माने यांच्या 'सवाल माझा ऐका!' ने ती अधिक दृढ केली. परंतु पडद्यावरच्या सामन्यात निकाल अगोदर ठरलेला असतो आणि जवाब पटकथाकाराने लिहिलेला असतो. या चित्रांवरून मूळ पद्धतीची कल्पना करणे धोक्याचे आहे. फडावरच्या सामन्याची सारी रंगत निकाल कोणालाच ठाऊक नसण्यात होती.

३

दुसरी पद्धत पैशाची. १८६० मध्ये सोलापूर रेल्वेने जोडले गेले. १८७७ मध्ये पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली, आणि त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. ठरावीक दिवशी रोख पगार हाती पडणारा मोठा वर्ग शहरात निर्माण झाला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा, पंढरपूरच्या वाऱ्या आणि जनावरांचे बाजार यांच्या जोडीला आता बारमाही प्रेक्षक मिळू लागला. मोकळ्या पटांगणातला तमाशा तिकिटाच्या कनातीत आणि थिएटरात आला, तो महाराष्ट्रातील अशाच शहरांच्या आश्रयाने.

या वातावरणात संगीत बारीचे महत्त्व वाढले. ढोलकी-फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा क्रम असतो. संगीत बारीत वग नसतो. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि एकामागून एक आपापली पाळी घेऊन गाणे व नाच सादर करतात. ही पाळी म्हणजेच 'बारी'. अशा तऱ्हेने एका रात्रीत अनेक पार्ट्या एकाच रंगमंचावर येत असल्यामुळे तुलना ही संगीत बारीच्या रचनेतच आहे. मोडनिंब हे यासाठी नावारूपास आले. कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेवरचे आणि पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे हे गाव. शेतकरी, व्यापारी, वाहनचालक असा फिरता प्रेक्षक त्याला सहज लाभला.

येथील निवाड्याचे साधन म्हणजे दौलतजादा. एखादी ओळ आवडली, की प्रेक्षकाने पैसे पुढे करावेत, गाणारणीने ते स्वीकारून ती ओळ पुन्हा म्हणावी, किंवा फर्माईश असेल ते गाणे सुरू करावे. संगीत नाटकातील 'वन्समोअर' आणि दौलतजादा यांत साम्य दिसते, पण भेदही मोठा आहे. 'वन्समोअर' हा सभागृहाचा एकत्रित आवाज असतो. दौलतजादा हा एकट्या माणसाचा असतो, आणि ज्याच्या खिशात अधिक, त्याचा आवाज मोठा. तिकीट सर्वांचे सारखे असले, तरी मत सर्वांचे सारखे राहत नाही.

अमेरिकेतील व्हॉडव्हिल थिएटरांशी ही पद्धत ताडून पाहिली, तर तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. तेथेही एका खेळात गायक, नर्तक, विदूषक, कसरतपटू असे अनेक प्रकार एकामागून एक येत. कीथ आणि आल्बी यांच्या साखळीतील थिएटरांचे व्यवस्थापक आठवड्याच्या पहिल्या खेळानंतर प्रत्येक प्रकारावर अभिप्राय लिहीत: किती मिनिटे चालला, टाळ्या किती पडल्या, क्रमात कोठे ठेवावा, कोणता विनोद गाळावा. हे अभिप्राय मुख्य कार्यालयाकडे जात, आणि त्यांचा परिणाम कलावंताच्या पुढील कामावर होई. विसाव्या शतकाच्या आरंभीचे असे अनेक अहवाल आज आयोवा विद्यापीठाच्या संग्रहात जतन झालेले आहेत. तेथला निवाडा लेखी, मालकाने केलेला आणि कलावंतापासून दूर ठेवलेला होता. बारीतला निवाडा तोंडी, उघड आणि तत्काळ होता. मोडनिंबच्या गाणारणीला आपली किंमत त्याच क्षणी आणि चारचौघांत कळत असे.

या उघडपणाची एक चांगली बाजू होती. मालकाच्या लहरीपेक्षा प्रेक्षकाच्या पसंतीवर पार्टी उभी राहू शके, आणि बहुतेक पार्ट्यांची मालकी स्त्रियांकडेच असल्यामुळे मिळकतीवर त्यांचा काही ताबा राही. परंतु त्याचे मोलही स्त्रियांनाच द्यावे लागले. बारीतील बहुसंख्य कलावंत स्त्रिया कोल्हाटी आणि तत्सम समाजांतील. त्यांच्या एकटीच्या कमाईवर आईबाप, भावंडे, पेटीवाला, ढोलकीवाला अशी अनेक माणसे अवलंबून असत. दौलतजादा देणारा केवळ ओळीचीच किंमत करतो असे नाही. तो नजर, हावभाव आणि जवळीक यांचीही किंमत लावतो. कलेचा निवाडा आणि कलावंत स्त्रीचा लिलाव यांतील सीमारेषा येथे पुसट झाली. समाजाने पुढे या स्त्रियांनाच दोष दिला. ज्याने पैसा फेकला, त्याच्याकडे मात्र कोणी बोट दाखविले नाही.

कलेच्या अंगानेही परिणाम झाले. मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारे गाणे अखंड राहत नाही. आख्यानपर लांब लावणी मागे पडते, चटकदार ध्रुपदाची पुढे येते. चित्रपटाचे गाणे लोकांच्या ओठी असेल, तर फर्माईशही त्याचीच होते. भेदिकाचे कूट समजण्यास जो निवांतपणा लागतो, तो येथे नव्हता.

४

तिसरी पद्धत बैठकीची. पंढरपुरात बैठकीच्या लावणीला जाणत्या रसिकांचा आश्रय मिळाला. सत्यभामाबाई पंढरपूरकर यांचे नाव या गायकीशी कायमचे जोडले गेले आहे. बैठकीच्या लावणीत गाणारीण बसून गाते. नाचाचा आधार नाही, मोठा रंगमंच नाही. एकच ओळ पुन:पुन्हा घेऊन दर वेळी तिचा वेगळा अर्थ मुद्रेतून, हाताच्या हालचालीतून, स्वराच्या वळणातून दाखवावयाचा. याला 'अदा' म्हणतात. ती दुरून दिसत नाही. पन्नास हातांवर बसलेल्या प्रेक्षकाला त्यातील निम्मेही कळणार नाही.

बैठकीतील श्रोता थोडा, जवळचा आणि शिकलेला असे. शिकलेला म्हणजे पोथी वाचलेला नव्हे, तर ऐकून ऐकून कान तयार झालेला. पंढरपूरचे ज्ञानोबा उत्पात हे या वर्गाचे ठळक उदाहरण होय. श्रीरुक्मिणीच्या सेवेची परंपरा असलेल्या घराण्यातील हा रसिक सत्यभामाबाईंच्या गायकीचा अभ्यासक झाला, आणि स्वतः अदेसह लावणी गाऊ लागला. येथे परीक्षकच शिष्य झाला. कलावंताला श्रेष्ठ मानून तिच्यापुढे बसणारा परीक्षक बारीत क्वचितच भेटला असता.

तथापि बैठकीचे गुणगान करताना तिची मर्यादा विसरता कामा नये. ती मूठभरांची होती, खासगी होती आणि पुरुषांची होती. गावातील इतर स्त्रियांना तेथे स्थान नव्हते. गाणारणीची कीर्ती भिंतींच्या बाहेर जाई, ती ऐकीव म्हणून. आश्रयदाता गेला की बैठक मोडे, आणि बैठकीबरोबर ती गायकीही क्षीण होई.

५

स्वातंत्र्यानंतर चौथा परीक्षक पुढे आला. तो म्हणजे शासन. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर निर्बंध आणले. फडांची उपासमार होऊ लागली, तशी सुधारणेची भाषा सुरू झाली आणि वगाची संहिता आगाऊ तपासून परवानगी देण्याची व्यवस्था रूढ झाली. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ ही संस्था याच विचारातून चालत आली.

संहिता तपासणारा परीक्षक कागदावरचे वाचतो. तमाशाची अडचण अशी, की त्याचे मर्म कागदावर नसतेच. बतावणी ही सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर चालते. कोणत्या गावात कोणता टोमणा मारावयाचा, हे तो समोरची माणसे पाहून ठरवितो. शब्दांत निर्दोष असलेली ओळ हातवाऱ्याने ग्राम्य होऊ शकते, आणि शब्दांत ग्राम्य दिसणारी ओळ निखळ विनोदाची असू शकते. परिणामी, तपासणीसाठी एक संहिता आणि फडावर दुसरा खेळ असा दुहेरी व्यवहार ओघानेच आला. मौखिक कलेला लेखी परीक्षा लावली, की असे व्हावयाचेच.

शिवाय शासनाची दृष्टी केवळ नीतीपुरती मर्यादित नव्हती. बार्शीचे शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या लालबावटा कलापथकाने तमाशाचा उपयोग कामगारांच्या राजकीय जागृतीसाठी केला. सोलापूरसारख्या गिरणगावाने १९३० चा लष्करी कायदा अनुभवलेला होता. तेथे शाहिराच्या शब्दाचे सामर्थ्य राज्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको होते. या पथकाच्या प्रयोगांवर बंदी आली, तेव्हा प्रश्न शृंगाराचा नव्हता. अशा स्थितीत 'तमाशा' या नावाऐवजी 'लोकनाट्य' हे नाव रूढ होत गेले. त्या नावामागे प्रतिष्ठेची आकांक्षा होती, तसा परीक्षकाला सामोरे जाण्याचा शहाणपणाही होता.

निर्बंध घालणाऱ्या शासनाने पुढे गौरवही केला, हेही नमूद केले पाहिजे. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ साली त्यांचे निधन झाले, त्यापूर्वीची त्यांची अखेरची वर्षे मात्र हलाखीत गेली. गौरवाचा निवाडा आणि उदरनिर्वाहाची तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

६

पाचवी पद्धत स्पर्धेची. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ अकलूज येथे १९९३ मध्ये राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. जयसिंह मोहिते-पाटील यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला. ऊस आणि साखर कारखाना यांनी या भागात जी सुबत्ता आणली, तिचाच काही अंश पूर्वी दौलतजादाच्या रूपाने बारीत उधळला जात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते. त्याच परिसरातील पैसा आता बक्षिसाच्या आणि मानधनाच्या रूपाने, जाहीर व्यासपीठावरून कलावंतापर्यंत पोचू लागला.

अकलूजचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे प्रेक्षागृहात स्त्रिया आल्या. घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांतील स्त्रिया लावणी पाहावयास बसल्या, आणि रंगमंचावरील स्त्रीकडे पाहण्याची नजर तिथल्या तिथे बदलली. संगीत बारीच्या पार्ट्यांना एकमेकींचे काम समोर बसून पाहता येऊ लागले. थिएटरात एका पार्टीची बारी चालू असताना दुसरी आपल्या तयारीत गुंतलेली असे. जुन्या लावण्या शोधून बसविण्याला उत्तेजन मिळाले, कारण परीक्षकापुढे सर्वांनी म्हटलेले गाणे घेऊन जाण्यात लाभ नव्हता.

स्पर्धा म्हटली की कालमर्यादा, क्रमांक आणि गुण हे ओघानेच येतात. त्यांचा परिणाम कलेवर होतो. मोजक्या मिनिटांत वेशभूषा, समूहनृत्य, ढोलकीची जुगलबंदी आणि अदा हे सर्व दाखवावयाचे, म्हणजे सावकाश उलगडणारी बैठकीची ओळ आखडती घ्यावी लागते. मोठ्या मंचावर मुद्रेपेक्षा हालचाल अधिक उठून दिसते. 'परंपरागत' कशास म्हणावे याचा निर्णय परीक्षकाच्या हाती गेला, की कलावंत त्याच्या कल्पनेतील परंपरा सादर करू लागतो. हा दोष अकलूजचा नव्हे. स्पर्धा या प्रकाराचाच तो स्वभाव आहे.

७

या पाचही पद्धती एकमेकींची जागा घेऊन नाहीशा झाल्या, असे मात्र समजू नये. एक आली म्हणून दुसरी संपली नाही. तात्पर्य इतकेच, की प्रत्येक परीक्षकाला कलेचे एकेक अंग दिसले. प्रतिस्पर्धी शाहिराने बुद्धी पारखली, बारीच्या प्रेक्षकाने मोहकता पारखली, बैठकीच्या रसिकाने अदा पारखली, शासनाने शब्द तपासले आणि स्पर्धेने आकर्षक समग्रतेला गुण दिले. ज्या अंगाला परीक्षक मिळाला नाही, ते अंग दुबळे झाले. भेदिक लावणीचा ऱ्हास हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. तिचे परीक्षक म्हणजे कूट जाणणारे शाहीर आणि ते ऐकण्यास रात्रभर बसणारा समाज. हे दोन्ही विरळ झाले, तशी तीही मागे पडली.

दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. सवाल-जवाबाची पद्धत सोडली, तर पुढील कोणत्याही पद्धतीत निवाड्याचे आसन प्रामुख्याने कलावंताकडे राहिले नाही. त्यातही संगीत बारीतील स्त्रियांकडे तर ते जवळजवळ आलेच नाही. वस्तुतः कोणाचा ठेका सैल आहे, कोणाची अदा उसनी आहे, कोणी कोणाची चाल उचलली आहे, हे त्यांच्याइतके अचूक कोणीच जाणत नाही. पार्टीत मुलीला उभी करण्यापूर्वी थोरली गाणारीण जी परीक्षा घेते, ती सर्व परीक्षांत कठोर असते. मात्र तिची कोठे नोंद होत नाही. कीथ-आल्बीच्या व्यवस्थापकांनी लिहिलेले चार ओळींचे शेरेसुद्धा आज इतिहासाचे साधन ठरले आहेत. मोडनिंब, पंढरपूर आणि अकलूज या परिसरातील वृद्ध कलावंत स्त्रियांच्या तोंडून परीक्षणाची त्यांची स्वतःची परिभाषा आणि त्यांचे निकष टिपून ठेवले, तर लावणीच्या इतिहासाला आजवर न मिळालेले साधन उपलब्ध होईल. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. ही परिभाषा केवळ माणसांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत.